टाचणीबाईची बाटली

तिला सगळे टाचणीबाई म्हणायचे, कारण दिवसातला निम्मा वेळ तिच्या ओठांत टाचण्या असायच्या. तयार कपड्यांच्या एका दुकानात, जिन्याखाली, जिथे उंच माणसाला मान वाकवूनच उभं राहावं लागे, तिथे तिचं मशीन होतं. पँटची लांबी कमी करायची, कंबर सैल करायची, कोटाची बाही आत घ्यायची, फाटलेलं अस्तर बदलायचं, ही तिची कामं. नवं काही ती शिवत नसे. दुसऱ्याने शिवलेलं उसवून ज्याचं त्याच्या मापाचं करून द्यायचं, यात तिचा हात धरणारं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं.

टाचण्यांचा एक फायदा होता. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की बोलत सुटतं. साहेब असा, जाऊ तशी, आणि पोट सुटलं ते बायकोच्या हातच्या जेवणामुळे, स्वतःच्या खाण्यामुळे नव्हेच. तोंडात टाचण्या असलेल्या बाईकडून कुणी उत्तराची अपेक्षा करत नाही. ती नुसतं "हं" करायची आणि गुडघ्यावर बसून खडूची रेघ मारायची. असं करत करत अख्ख्या वस्तीची गुपितं तिच्याकडे जमा झाली होती आणि त्यातलं एकही बाहेर पडलं नव्हतं. खिशात राहिलेल्या वस्तूंचंही तेच. किल्ल्या, चिठ्ठ्या, कंगवे, एकदा तर चक्क सोन्याची अंगठी, जे सापडेल ते लिफाफ्यात घालून कपड्याला टाचून परत. लोक म्हणत, बाई नाकासमोर चालणारी आहे. हे तिच्या कानावर यायचं आणि तिला ते आवडायचं. न आवडायला काय झालं?

एकाच माणसाने तिला कधी चांगलं म्हटलं नव्हतं, ती तिची सासू. म्हातारी दोन गल्ल्या सोडून मुलीकडे राहायची आणि आठवड्यातून एकदा मुलाच्या घरी चक्कर टाकायची. आत शिरली की आधी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवायची, मग बोटाकडे बघायची आणि म्हणायची, "ठीक आहे." सुनेने आजारपणात रात्रंदिवस तिची उस्तवार केली, ठीक आहे. सुनेने मशीन चालवून संसाराला हातभार लावला, ठीक आहे. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी त्या "ठीक आहे"च्या पुढे गाडी सरकली नव्हती. टाचणीबाई वरवर म्हणायची, मला काय त्याचं! पण म्हातारी यायच्या दिवशी खिडकीची कड दोनदा पुसायची.

नवरा मालधक्क्यावर क्रेन चालवायचा. लांबलचक लोखंडी शिडी चढून तो वरच्या काचेच्या खोलीत जाऊन बसायचा आणि घराएवढ्या लोखंडी पेट्या उचलून एकावर एक अशा अलगद ठेवायचा की खालची माणसं मान वर करून बघत राहत. स्वभावाने गडी मोकळा. हसला की पोट हलायचं, आणि पोटात काही राहायचं नाही. धक्क्यावर घडलेलं सगळं घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगून टाकायचा, बूट काढायच्या आधी.

म्हणून त्या संध्याकाळी तो आला, बूट काढले, नीट जोडीने ठेवले आणि काही न बोलता स्वयंपाकघरात येऊन बसला, तेव्हा तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"काय झालं?"

"परवा आमच्या पाळीची लघवी तपासणार आहेत," तो म्हणाला. "नशेसाठी. यंत्र चालवणाऱ्या सगळ्यांची."

"मग तपासू देत की! तुम्हाला काय भीती?"

तो टेबलावरचं मीठ बोटाने गोळा करत राहिला. मग त्याने सांगितलं. जुना सोबती नोकरी सोडून चालला होता, त्याच्या गच्चीवर मंडळी जमली होती. सिगारेट हातोहात फिरत होती. ती नुसती सिगारेट नव्हती, गांजा होता. त्याला ते कळलं होतं, तरी त्याने दोन झुरके मारले. लोक म्हणतात, गांजा लघवीत कितीतरी दिवस सापडतो.

मग काय, टाचणीबाईने त्याला असा फैलावर घेतला की शेजारच्यांनी रेडिओ बारीक केला.

"अहो, वय काय तुमचं, आणि करता काय! तिथे वर बसून माणसांच्या डोक्यावरून लोखंड नेता तुम्ही. उद्या काही झालं असतं म्हणजे? आणि आईंना कळलं तर? त्या मलाच विचारतील, तुझं लक्ष कुठे होतं म्हणून. जरा तरी शरम वाटते का हो?"

"वाटते ना," तो खाली मान घालून म्हणाला. "म्हणून तर तुला सांगतोय."

आणि हे सगळं कोण बोलत होतं? जिच्या घरच्या कपाटाच्या खणात बटणांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्या डब्यात, कोटाच्या मोठ्या बटणांच्या खाली, झोपेच्या गोळ्यांची पाकिटं होती, ती बाई.

ते असं झालं होतं. मागे त्याच्या रात्रपाळ्या सुरू झाल्या तेव्हा थंडीचे आणि सोसाट्याच्या वाऱ्याचे दिवस होते. खिडकीची काच खडखडली की तिला ती वरची काचेची खोली डोळ्यांसमोर दिसायची, हलणारी. ती उठून बसायची. सकाळी मशीनवर डोळा लागायचा आणि शिवण वाकडी जायची. अशात एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या आतल्या खिशात तिला गोळ्यांचं पाकीट सापडलं. नाव तिला वाचता आलं. तिने त्याचा कंगवा लिफाफ्यात घातला, त्याचं बसचं तिकीट लिफाफ्यात घातलं, लिफाफा कोटाला टाचला आणि पाकीट घरी नेऊन बटणांच्या डब्यात टाकलं. गिऱ्हाइकाने कधी विचारलं नाही. माझ्या झोपेच्या गोळ्या तुमच्याकडे राहिल्या का, असं कोण कुणाला विचारतं? त्या रात्री ती झोपली, अगदी दगडासारखी. पाकीट संपल्यावर समोरचा औषधवाला होताच. त्याच्या सगळ्या पँट तीच आखूड करायची, त्यामुळे डॉक्टरच्या चिठ्ठीचा प्रश्न त्याने काढला नाही. आधी अर्धी पुरायची, मग एक लागू लागली, मग दोन. पुढे रात्रपाळ्या बंद झाल्या, गोळ्या चालूच राहिल्या.

पण याला ती नशा म्हणत नव्हती. नशा म्हणजे धूर, बाटली, रस्त्याच्या कडेला लोळणारा माणूस. ही तर औषधाच्या दुकानातली गोळी होती, चांदीच्या कागदातली. तिच्यावर तारीख छापलेली असते.

भांडण ओसरल्यावर नवरा हळूच म्हणाला, "धक्क्यावर काहीजण दुसऱ्याची लघवी घेऊन जातात म्हणे. मला नाही पटत ते."

"न पटायला नोकरी तर राहिली पाहिजे," ती म्हणाली. आणि मग जे पुढे म्हणाली ते शब्द तिला जन्मभर पुरले. "माझी घेऊन जा. घरात एक तरी माणूस स्वच्छ आहे, हे नशीब समजा."

क्षणभर तिच्या मनात गोळी आली होती, नाही असं नाही. पण महिन्यापूर्वीच जळजळ होते म्हणून दवाखान्यात तिची लघवी तपासली होती. आदल्या रात्री दोन गोळ्या घेऊनच ती बाटली देऊन आली होती. साखर नाही, रक्त नाही, पू नाही. तिथली तपासणी करणारी मुलगी हसून म्हणाली होती, "काकू, एकदम क्लीन." तेव्हा दिसली नाही ती गोळी आता कशाला दिसेल? शहाण्या माणसाची अक्कल कधीकधी अशीच सरळ रेघेत चालते आणि खड्ड्यात जाऊन पडते.

तपासणीच्या सकाळी तिने बाटली धुतली, उकळून घेतली, आणि भरून त्याच्या हातात दिली. तो तिच्याकडे न बघता ती शर्टाच्या आत अंगाशी धरून गेला. जेवणाचा डबा विसरून गेला.

दोन-तीन दिवसांनी तो घरी आला तो जिन्यातूनच ओरडत.

"अगं ऐकलंस का? गांजाचा मागमूस नाही! आणि निघालं काय? झोपेच्या गोळ्या! मला! मला शिडीवर उभा केला तरी झोप लागते!"

तो हसत होता आणि संतापलेलाही होता. क्रेनवरून त्याला उतरवलं होतं, सोमवारी चौकशी होती. तिथे चार साहेब आणि धक्क्याच्या डॉक्टरीणबाई बसणार होत्या. युनियनच्या माणसाने त्याला नियम समजावून सांगितला होता. कबूल केलं तर काही महिने खाली काम, उपचार, आणि तपासणी साफ येत गेली की परत वर. नाकारलं तर त्याच बाटलीतला राखून ठेवलेला अर्धा भाग मोठ्या लॅबमध्ये जाणार, आणि तिथेही तेच निघालं तर खोटं बोलला म्हणून कायमचा घरी.

"मी नाकारणार!" तो म्हणाला. "मी गोळी घेत नाही, बाटली तुझी, म्हणजे माझ्यापेक्षा स्वच्छ. मग चूक कुणाची? लॅबवाल्यांची! बाटल्या बदलल्या त्यांनी कुठेतरी. जाऊ दे मोठ्या लॅबमध्ये. नाकच कापतो एकेकाचं."

दुसऱ्याची लघवी दिली असं कळलं तर त्याच दिवशी नोकरी जाईल, हे त्याला माहीत होतं, म्हणून ते सोडून बाकी सगळं तो ठणकावून सांगणार होता. टाचणीबाईने हातातलं काम पुढे ओढलं आणि ओठांत टाचण्या धरल्या. त्या कापडाला एकही टाचणी लागणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात त्या मुलीकडे गेली. लांबच्या बहिणीचं म्हणून विचारलं. गोळ्या घेत असलं तर लघवीत दिसतं का गं?

"साध्या तपासणीत नाही दिसत, काकू," मुलगी बाटल्यांवर नावं चिकटवत म्हणाली. "त्यात आम्ही साखर, प्रोटीन, रक्त, पू, असलंच बघतो. गांजा म्हणा, अफू म्हणा, झोपेच्या गोळ्या म्हणा, त्यांची तपासणी वेगळी मागवावी लागते. मागवली की सापडतं. नाही मागवली तर आम्हाला काय कळणार? जेवढं विचारू तेवढंच ती सांगते."

"कोण?"

"लघवी हो!" मुलगी हसली. टाचणीबाईही हसली आणि बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली. महिनाभर आपण क्लीन आहोत म्हणून ती कुठल्या तोऱ्यात फिरत होती ते तिला आठवलं. आणि नवऱ्याला सुनावलेला शब्दन्शब्द आठवला. कुणी ओळखीचं जवळून गेलं की ती चप्पल सारखी करत असल्यासारखं करायची.

तरी तिने सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणाली, उद्याचा आज झाला, आणि रविवार उजाडला. नवऱ्याकडे चौकशीला घालण्याजोगी एकच पँट होती आणि ती आता पायात लांब पडत होती, कारण पोट सुटल्यामुळे तो ती पोटाखाली घालू लागला होता. दुपारी तो स्टुलावर उभा राहिला, ती गुडघ्यावर बसली आणि खालची दुमड धरू लागली. तो वरून उद्याच्या बोलण्याची तालीम करत होता.

"साहेब, मी उभ्या जन्मात झोपेची गोळी पाहिलेली नाही. माझ्या आईची शपथ घेऊन सांगतो..."

"आईंची शपथ घेऊ नका," ती टाचण्यांमधून म्हणाली.

"का? खरं आहे ते."

"नका घेऊ म्हटलं ना."

"अगं पण का?"

तिने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या. सगळ्या खोचून झाल्या तरी ती गादीकडेच बघत होती. "लॅबची चूक नाही," ती म्हणाली. "गोळ्या मी घेते. बटणांच्या डब्यात आहेत."

तो स्टुलावरून उतरला आणि त्याच स्टुलावर बसला. दुमडीतल्या टाचण्या त्याच्या पोटरीला टोचत असणार, पण त्याने पाय हलवला नाही. तिला वाटलं, आता ओरडेल. तिला तेच हवं होतं. तिने त्याला ऐकवलं होतं तसं त्यानेही ऐकवावं आणि फिट्टंफाट व्हावी. तो ओरडला नाही.

"मी तुला सांगितलं गं," एवढंच तो म्हणाला.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो उठून खिडकीशी गेला. मग त्याने हिशेब मांडला, क्रेनवाल्याच्या सवयीने, ओझं कुठून उचलायचं आणि कुठे ठेवायचं असा. नाकारलं तर मोठी लॅब तेच सांगणार. बाटली बायकोची म्हटलं तर नोकरी तिथल्या तिथे गेली. राहता राहिला एकच रस्ता.

"म्हणजे मीच घेतो असं म्हणायचं," तो म्हणाला.

"नको हो!"

"मग काय म्हणू? तू सांग." तिने जमिनीवरचा खडू उचलून ठेवला. "बरं, ऐक. डॉक्टरीणबाई विचारणार, कधीपासून घेता, किती घेता, कुठून आणता, का घेता. मला यातलं काही ठाऊक नाही. आता सांग सगळं."

आणि मग त्या दुपारी, नवऱ्याला खोटं नीट बोलता यावं म्हणून, टाचणीबाईने पहिल्यांदा खरं सांगितलं. किती घेते ते सांगितलं, आधी कमी करून, मग बरोबर आकडा. औषधवाल्याचं सांगितलं. कोटाचं सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की त्याला पुढे वाकावं लागलं. गोळीपेक्षा तिला त्या कोटाची लाज अधिक होती. लिफाफ्यात कंगवा होता आणि पाकीट नव्हतं, हे सांगताना ती स्वतःच्या हातांकडे अशी बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

"आणि का?" त्याने विचारलं.

"वारा सुटला की तुम्ही वर असायचात."

"मग मला का नाही म्हणालीस?"

"तुम्ही हसला असतात."

हसला असता, हे त्यालाही माहीत होतं.

सोमवारी तो दुमड घातलेली पँट घालून गेला आणि चार साहेबांसमोर म्हणाला की हो, गोळ्या मी घेतो, झोप येत नाही. संध्याकाळी त्याने बूट काढले आणि मग सगळं सांगितलं. "डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी माहीत आहे का? म्हटलं नाही, बायकोला सांगायची लाज वाटली." हे सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता. मग म्हणाला, "त्या म्हणाल्या, असल्या गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, त्याने उलटा त्रास होतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या. मी एवढं लक्ष देऊन ऐकलं की त्या खूश झाल्या. उद्या आपण दवाखान्यात जाऊ. तुझ्या नावाने."

गेलेही दोघं. तिचं कमी करणं सुरू झालं. रोज संध्याकाळी ती डबा त्याच्यापुढे ठेवायची आणि तो सुपारी कातरावी तशी गोळी काळजीपूर्वक कातरून द्यायचा. रात्री ती तळमळायची, घामाघूम व्हायची. तो जागा असायचा, पण बोलायचा नाही. धक्क्यावर तो आता खाली उभा राहून पेट्यांना आकडे अडकवत होता आणि वरच्या पोरसवद्या चालकाला हाताने खुणा करत होता. लोकांनी त्याचं नाव ठेवलं "डुलकी". घरी येऊन त्याने तेही सांगितलं, हसत सांगितलं. पण चहाच्या टपरीवरून येणारा सरळ रस्ता त्याने सोडला आणि तो मागच्या गल्लीने येऊ लागला.

जिन्याखाली गिऱ्हाइकं तिच्याकडे दयेने बघू लागली. "बाई, तुमचंही नशीब! तरी सगळं तोंड मिटून सोसता." ती टाचण्या धरून "हं" म्हणायची. काय सांगणार? तोंड उघडलं तर त्याची नोकरी. आयुष्यभर गप्प बसणं तिला सोयीचं पडलं होतं, आता तेच तिला महाग पडू लागलं. रोज कुणी ना कुणी तिला चांगली म्हणायचं आणि रोज ती मान आणखी खाली घालून दुमडी शिवायची.

मग म्हातारीच्या कानावर गेलं. ती तिच्या नेहमीच्या दिवशी आली नाही, मध्येच आली, आणि आत शिरली तेव्हा खिडकीकडे गेलीसुद्धा नाही. मुलगा नुकताच कामावरून येऊन हात धूत होता. ओले हात घेऊन तो बाहेर आला, आणि म्हातारीने तोंडाचा पट्टा सोडला.

"तुझ्या बापाने कधी साधी डोकेदुखीची गोळी घेतली नाही रे! मी लोकांसमोर तोंड कसं दाखवू? माझी मुलगी मला सांगते आणि जावई तिकडे तोंड फिरवून हसतो. तुला वाढवण्यात माझं काय चुकलं तेवढं सांग. त्या पोरीने राबायचं आणि तू नशा करून पडायचंस? अरे लाज वाटू दे थोडी!"

एवढा थोरला माणूस, पण हातातून पाणी ठिबकत होतं आणि तो पुसत नव्हता. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "चुकलं, आई," तो म्हणाला, आणि गॅलरीत जाऊन कठड्याशी पाठमोरा उभा राहिला.

म्हातारी खुर्चीत बसली. तिला धाप लागली होती. तिने सुनेचा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे हात कोरडे आणि गरम होते.

"मी तुला कधी बोलून दाखवलं नाही," म्हातारी म्हणाली. "माझा स्वभावच मेला तसा. पण खरं सांगू? तू होतीस म्हणून हे घर उभं आहे. माझ्या पोटच्या मुलीनं केलं नसतं एवढं तू केलंस. तुझ्यासारखी सून मला मिळाली, माझीच लायकी नव्हती गं."

हेच. हेच वाक्य ऐकण्यासाठी तिने इतकी वर्षं त्या खिडकीची कड पुसली होती. आणि तिने ते ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, दोन क्षण त्याची ऊब घेतली. गोळ्यांची लाज होती, कोटाची होती, पण त्या दोन क्षणांची लाज तिला सगळ्यांहून जास्त वाटली, आणि तीच तिला सहन झाली नाही.

"आई, गोळ्या त्यांच्या नाहीत," ती म्हणाली. "माझ्या आहेत."

म्हातारीला आधी वाटलं, सून नवऱ्याला पाठीशी घालतेय. तिने तसं म्हणूनही दाखवलं, आणखी मायेने. मग टाचणीबाईने उठून बटणांचा डबा आणला आणि तिच्या मांडीवर उपडा केला. कोटाची बटणं, शर्टाची बटणं, आणि त्यांच्यामध्ये कातरून उरलेली गोळी. तिने सगळं सांगितलं. वारा, कोट, औषधवाला, बाटली. घरात एक तरी माणूस स्वच्छ आहे, असं आपण म्हणालो तेही सांगितलं. "धक्क्यावर कळलं तर त्यांची नोकरी जाईल, म्हणून ते माझं नाव घेत नाहीत," ती म्हणाली. "तुम्हीही कुठे बोलू नका. पण तुम्ही मला चांगलं म्हणू नका."

म्हातारीने मांडीवरची गोळी बोटाने बटणांपासून बाजूला सारली.

"मग आत्ता मी त्याला जे बोलले ते?"

"ते माझ्या वाट्याचं होतं."

"आणि तो उभा राहून ऐकत होता?"

"रोजच ऐकतात," टाचणीबाई म्हणाली. "धक्क्यावरही ऐकतात."

म्हातारीने बटणं एकेक करून डब्यात भरली. गोळी तिने शेवटी टाकली, दोन बोटांच्या टोकांनी उचलून. मग खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठली आणि गॅलरीकडे निघाली. खिडकीशी पोचली तेव्हा सवयीने तिचं बोट कडेवरून फिरलं. तिने बोटाकडे पाहिलं. आज तिचा यायचा दिवस नव्हता, त्यामुळे कड पुसलेली नव्हती. टाचणीबाईने डोळे मिटून घेतले.

म्हातारीने मागे न वळता बोट पदराला पुसलं.

"आता झोप लागते का?" तिने विचारलं.

"नाही," टाचणीबाई म्हणाली. "नाही लागत, आई."

म्हातारीने मान हलवली, आणि ती बाहेर मुलाजवळ जाऊन उभी राहिली.